फड कुणाचा, गाणे कुणाचे? अकलूजचा लावणी मंच आणि आंबेडकरी जलशाची साखळी

पुण्या-मुंबईत मंचावर उभे राहून कविता सादर करणाऱ्या तरुणांना हल्ली एक मंत्र दिला जातो : नेटवर्किंग करा. कार्यक्रमांना जा, ओळखी काढा, एकमेकांचे व्हिडीओ पुढे पाठवा, आयोजकांच्या नजरेत राहा, संधी येत राहतील. हा मंत्र आता आमच्या माळशिरस तालुक्यातही येऊन पोचला आहे. अकलूज, वेळापूर, नातेपुते या गावांतली पोरे-पोरी मोबाईलवर रॅप रेकॉर्ड करतात, जयंतीच्या स्टेजवर स्वतःची कविता म्हणतात आणि खाली उतरल्यावर विचारतात, पुढे काय? कुणाला भेटायचे?

प्रश्न रास्त आहे. 'प्रतिभा असेल तर आपोआप पुढे येशील' असे उत्तर देणारे एक तर भोळे असतात, किंवा ज्यांच्या ओसरीवर प्रकाशक, संपादक आणि नाट्यसंस्थेचे चिटणीस तीन पिढ्या चहा पीत आले आहेत असे असतात. एका खोलीत एकटा बसून लिहिणारा कवी ही कल्पना छापील पुस्तकाबरोबर आलेली आहे. गाऊन, उभे राहून सादर होणारी कविता एकट्याची कधीच नव्हती. तिला ढोलकीवाला लागतो, झील धरणारा लागतो, सुपारी देणारा लागतो आणि रात्र जागून ऐकणारी वस्ती लागते. त्यामुळे कुणाशी जोडले जायचे, हा आपल्याकडे जितका कलेचा प्रश्न आहे तितकाच जातीचा आहे. मालकाशी जोडले गेलो तर काय होते आणि बरोबरीच्या माणसाशी जोडले गेलो तर काय होते, याचे दाखले शोधायला आम्हाला फार लांब जावे लागत नाही. सोलापूर जिल्ह्यातच ते पडलेले आहेत.

तुकोबांची पालखी दरवर्षी अकलूजवरून जाते, ज्ञानोबांची तालुक्याच्या दुसऱ्या अंगाने जाते. दोन्ही पंढरपूरला पोचतात. तिथे महाद्वारासमोर चोखोबाची समाधी आहे. वारकऱ्यांचे कीर्तन हे सादर होणाऱ्या मराठी कवितेचे एक जुने आणि विस्तीर्ण जाळे. नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, नरहरी सोनार, जनाबाई दासी, आणि आमच्याच जिल्ह्यातल्या अरणचा सावता माळी. जातीपातीच्या उतरंडीत खाली ढकललेली माणसे या जाळ्यात एकमेकांना ऐकत होती, एकमेकांवर अभंग रचत होती. चोखोबाच्या तर एका घरात पाच कवी : स्वतः चोखामेळा, पत्नी सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा आणि मेहुणा बंका. महाराच्या एका घरात चौदाव्या शतकात पाच जण कविता करीत होते, याचे आश्चर्य मराठी साहित्याच्या इतिहासकारांनी पुरेसे केलेले नाही. सोयराबाई विटाळाविषयी जे थेट प्रश्न विचारते आणि कर्ममेळा देवाला जाब विचारताना बापापेक्षा जी कडक भाषा वापरतो, ती धार घरातल्या घरात एकमेकांचे ऐकून आलेली आहे, असे आमचे मत आहे.

या जाळ्याने चोखोबाला काय दिले? त्याचे अभंग टिकवले. ते अनंतभट्टाने उतरवून घेतले अशी परंपरा सांगते. आणि काय दिले नाही? पायरीच्या आत पाऊल. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम वेठीने करताना 1338 साली कूस कोसळून तो मेला. त्याचे गाणे गाभाऱ्यात गेले, गाणारा दाराबाहेर राहिला. ज्या दाराबाहेर तो राहिला ते आपल्या लोकांसाठी उघडायला 1947 साल उजाडले, आणि त्यासाठी साने गुरुजींना 1 मेपासून दहा दिवस उपोषण करावे लागले. बाबासाहेबांनी 1948 साली अस्पृश्य मूळचे कोण हा ग्रंथ प्रसिद्ध केला तो नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांना अर्पण करून. त्यांनी चोखोबाला आपला मानला, त्या दाराला नाही. हा फरक आमच्या लोकांनी नीट समजून घ्यायला हवा.

शाहिरीचा इतिहास यापेक्षा वेगळा नाही. पेशवाईच्या उत्तरकाळातला सोलापूरचा रामजोशी सर्वांना माहीत आहे, त्याच्यावर सिनेमाही निघाला. तो घडला धोंडी शाहिराच्या तमाशात. वेदपाठी घरातला पोरगा रात्री उठून तमाशा ऐकायला जायचा, तिथे शिकला, त्यापायी घराबाहेर पडला. पण आज धोंडी शाहिराबद्दल दोन ओळींपेक्षा जास्त कुणाला सांगता येईल? पुढे रेठऱ्याचे श्रीधर कुलकर्णी पठ्ठे बापूराव झाले. त्यांच्या लावण्यांना ज्या पवळाबाईने गळा आणि पाय दिले, ज्या महार बाईच्या नावावर तिकिटे खपत, ती मात्र नुसती 'पवळा' म्हणून उरली. गुरू किंवा साथीदार खालच्या जातीचा, नाव वरच्या जातीचे.

महाड सत्याग्रहाच्या काळातली एक हकीकत चळवळीत नेहमी सांगितली जाते. पठ्ठे बापूराव पवळाबाईला घेऊन बाबासाहेबांकडे गेले आणि तमाशाच्या खेळांचे उत्पन्न सत्याग्रहाच्या फंडाला देऊ केले. बाबासाहेबांनी ते नाकारले. आमच्या समाजाच्या बाया नाचवून मिळवलेला पैसा नको, असा त्याचा अर्थ. ही हकीकत पुढे पुन्हा येणार आहे, कारण तिचा अर्धाच भाग आपण लक्षात ठेवला.

आता जलशाकडे येऊ. 1873 च्या सत्यशोधक समाजातून निघालेल्या कार्यकर्त्यांना लवकरच कळले की लिहिता-वाचता न येणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत पुस्तक पोचत नाही, तमाशा पोचतो. म्हणून त्यांनी तमाशाचा साचा घेतला आणि आतला माल बदलला. गणात गणपतीऐवजी निर्मिकाला वंदन आले. गौळणीतल्या कृष्णाच्या जागी भटाची फजिती आली. हाच साचा बहिष्कृत समाजाने 1930 च्या दशकात आपल्या हातात घेतला. काळाराम मंदिराचा सत्याग्रह 2 मार्च 1930 ला नाशकात सुरू झाला, त्याच नाशकाच्या मातीत भीमराव कर्डकांचा जलसा वाढला. मुंबईत केरू घेगडे, केरूबुवा गायकवाड अशी नावे पुढे आली. 'माझी दहा भाषणे आणि कर्डकांचा एक जलसा बरोबरीचा' या आशयाचे बाबासाहेबांचे उद्गार आजही प्रत्येक शाहीर मेळाव्यात सांगितले जातात. ते सांगून टाळ्या घेतल्या जातात. जलसा प्रत्यक्षात चालायचा कसा, हे मात्र कुणी सांगत नाही. आम्हाला तेच महत्त्वाचे वाटते.

जलशातली माणसे दिवसा गिरणीत, गोदीत, रेल्वेत किंवा म्युनिसिपालिटीच्या सफाई खात्यात राबत. रात्री चाळीच्या पटांगणात तालीम. सुटी काढून दौरा. गावात गेले की मुक्काम महारवाड्यात, भाकरी घराघरांतून गोळा केलेली. पाटलाच्या वाड्यावर मुजरा नाही, कुणाच्या इनामाची आशा नाही. गावकीची कामे सोडा, मेलेली जनावरे ओढू नका, पोर शाळेत घाला, हे सांगायला आलेल्या माणसाला पाटलाचे इनाम परवडणारेच नव्हते. म्हणून त्यांना दुसरी सोय उभी करावी लागली, आणि ती त्यांनी उभी केली. मुंबईच्या चाळीत एका खोलीत एकाच तालुक्यातले पंधरा-वीस जण राहत. त्यांचे गाव म्हणजे जलशाचा पुढचा मुक्काम. यात्रेला, लग्नाला गावी जाणारा गिरणी कामगार नवे गाणे डोक्यात घेऊन जाई, गावातला कुणी ते उचली, त्यात आपल्या भागातला शब्द घाली, आणि पुढच्या वर्षी जलसा आला की तेच गाणे बदललेल्या रूपात मूळ शाहिराला ऐकायला मिळे. 1937 च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षाचा प्रचार याच वाटांनी झाला.

आजच्या भाषेत हे नेटवर्क होते. पण त्यात नवा पोरगा कसा वाढे ते पाहा. तो आला की पहिल्या दिवशी त्याच्या हातात माइक दिला जात नसे (माइक नव्हताही). तो मागे उभा राहून झील धरी. महिनोन्‌महिने दुसऱ्याचे शब्द उचलून त्याला कळे की कुठल्या ओळीवर लोक हसतात, कुठे गप्प होतात, कुठे श्वास घ्यायला जागा ठेवावी लागते. मग बतावणीत एखादे छोटे सोंग. सवाल-जवाबात त्याला समोरच्याचे ऐकून तिथल्या तिथे उत्तर द्यावे लागे. पाठांतरावर निभणारे ते काम नव्हते. त्यानंतर केव्हातरी तो स्वतःचे कवन आणी, आणि तेही आधी तालमीत सगळ्यांपुढे ठेवी. जुने शाहीर एखादा शब्द बदलायला लावत, चाल अडकते तिथे मात्रा कमी करत. शेवटच्या कडव्यात स्वतःचे नाव गुंफायची, म्हणजे छाप टाकायची परवानगी मिळाली की तो शाहीर झाला. कवितेच्या कार्यशाळा परदेशातून आल्या असे मानणाऱ्यांनी या तालमींचा विचार करावा.

याच काळात आमच्या जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, बार्शीत, 1916 साली जन्मलेला मेहबूब पटेल गिरणी कामगारांच्या लढ्यातून कम्युनिस्ट चळवळीत गेला आणि अमर शेख झाला. वाटेगावच्या मांगवाड्यातले अण्णा भाऊ साठे मुंबईच्या माटुंगा लेबर कँपात पोवाडे रचत होते. द. ना. गव्हाणकर तिसरे. 1944 साली या तिघांनी लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णा भाऊंची शाळा दीड दिवसाची, अमर शेखांचा आवाज मैदान भरून उरणारा. एकट्या अण्णा भाऊंचे शब्द कागदावर राहिले असते, एकट्या अमर शेखांचा आवाज सिनेमाच्या कोरसमध्ये विरला असता. सरकारने तमाशावर बंदी आणली तेव्हा त्यांनी लोकनाट्य नावाखाली तोच तमाशा चालू ठेवला. एकटा शाहीर बंदीपुढे गप्प बसला असता, पथक बसले नाही. पुढे 2 मार्च 1958 ला मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले, त्याचे उद्घाटन अण्णा भाऊंनी केले. म्हणजे ज्याला मराठीच्या प्राध्यापकांनी अजून लेखक मानले नव्हते त्याला आपल्या लोकांनी स्वतःचे व्यासपीठ बांधून त्यावर बसवले. लाल बावटा आणि निळा झेंडा यांच्यातले मतभेद आम्हाला माहीत आहेत, त्यावर वेगळे लिहिता येईल. मंच कसा बांधावा याबाबत मात्र दोघे एकाच शाळेचे होते.

या साखळीतला सर्वांत मोठा दुवा वामनदादा कर्डक. 1922 साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्म, मोठेपणी मुंबईत अक्षरओळख, 1943 साली पहिले गाणे, 2004 साली निधन. या सहा दशकांत वामनदादा महाराष्ट्रभर फिरले ते कार्यकर्त्यांच्या घरात उतरून. ज्या घरी मुक्काम त्या घरच्या माणसांना बसवून गाणे शिकवायचे, जिथे कार्यक्रम तिथे तिथल्या प्रश्नावर नवे रचायचे. त्यांची गाणी शेकडो लोकांच्या वह्यांत उतरली. वही हा शब्द आमच्या भागातल्या गायन पार्टीला अजून पवित्र आहे. कुणाची वही कुणाकडे आली, कुणी कुणाला उतरवून दिली, यावरून गुरू-शिष्याचे नाते कळते. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर जलशाची जागा हळूहळू गायन पार्टीने आणि कव्वालीच्या सामन्यांनी घेतली. रात्रभर दोन पार्ट्या समोरासमोर. श्रावण यशवंते, गोविंद म्हशीलकर, नागोराव पाटणकर ही नावे ऐकली की आजही साठीतली माणसे सरसावून बसतात. सामन्यात हरलेला गायक दुसऱ्या दिवशी जिंकलेल्याच्या घरी जाऊन त्याची चाल मागू शकत होता, हे त्या स्पर्धेचे वैशिष्ट्य. 1980 च्या दशकात शिकागोत मार्क स्मिथ नावाच्या बांधकाम मजुराने कवितेच्या स्पर्धा सुरू केल्या, ज्यांत परीक्षक म्हणून प्रेक्षकांतलीच माणसे बसवली जात. जगभर त्याचे कौतुक झाले. आमच्या वस्त्यांत परीक्षक नेहमीच समोर सतरंजीवर बसलेला होता, त्याची दखल घ्यायला कुणी आले नाही.

मंगळवेढ्याच्या शिंदे घराण्याचेही या संदर्भात नाव घ्यावे लागते. प्रल्हाद शिंदेंचा आवाज विठ्ठलाच्या गाण्यांनी घराघरांत गेला, पण तो तयार झाला होता गायन पार्ट्यांच्या रात्रींत, आणि भीमगीतेही त्याच गळ्याने गावोगाव नेली. आनंद, मिलिंद, आदर्श अशी ही साखळी तिसऱ्या पिढीपर्यंत टिकली. मात्र कॅसेट आली तेव्हा एक गोष्ट बिघडली. कॅसेटच्या वेष्टनावर गायकाचा फोटो मोठा, कंपनीचे नाव मोठे, गीतकाराचे नाव बारीक किंवा गायब. वहीत ज्याची छाप शेवटच्या कडव्यात असायची त्याचे कडवेच वेळेअभावी कापले जाऊ लागले. दुवे वाढले, माणसे पुसली गेली. यूट्यूबवर आज हेच मोठ्या प्रमाणावर होते आहे.

आता अकलूज.

1993 साली अकलूजमध्ये सहकार महर्षी शंकरराव मोहिते-पाटील यांच्या स्मरणार्थ राज्यस्तरीय लावणी स्पर्धा सुरू झाली. जयसिंह मोहिते-पाटील यांचा त्यात पुढाकार. ज्या घराण्याचा साखर कारखान्यापासून शिक्षणसंस्थेपर्यंत आणि पुढे राज्याच्या उपमुख्यमंत्रिपदापर्यंत पसारा आहे, त्या घराण्याने नाचगाण्याला आपल्या नावाचा मंच द्यावा ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. लावणी म्हणजे बाजारबसवी असे मानणाऱ्या मध्यमवर्गाला तिथे पारंपरिक लावणी, तिची अदा, बैठक, ढोलकीची साथ पाहायला मिळाली. मोडनिंबच्या, चौफुल्याच्या कला केंद्रांतल्या बायकांना 'बारीवाली' याऐवजी 'स्पर्धक' आणि 'कलावंत' अशी ओळख मिळाली. एका ठिकाणी राज्यभरच्या पार्ट्या जमल्या, एकींनी दुसरीची लावणी ऐकली, वादकांनी वादक पाहिले, पुण्या-मुंबईच्या निर्मात्यांनी कलावंत हेरले. नेटवर्किंगचा फायदा ज्याला म्हणतात तो इथे डोळ्यांनी दिसला. हे आम्ही नाकारत नाही, आणि केवळ मंच कुणाचा आहे म्हणून त्या बायकांच्या कलेला कमी लेखणाऱ्या आमच्या काही मित्रांशी आमचे भांडण आहे.

पण त्याच्या पुढच्याच वर्षी, 1994 साली, 'कोल्हाट्याचं पोर' हे पुस्तक आले. लेखक किशोर शांताबाई काळे, आमच्याच जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातले. बापाच्या जागी आईचे नाव लावणारा हा मुलगा डॉक्टर झाला आणि त्याने लिहिले ते नाचणाऱ्या आईचे, तिच्या कमाईवर जगणाऱ्या घराचे, तिला ठेवणाऱ्या मालकाचे. हे पुस्तक आणि ती स्पर्धा शेजारी ठेवून पाहा. एकाच जिल्ह्यात, एक वर्षाच्या अंतराने, त्याच बायकांविषयी दोन गोष्टी पुढे आल्या. मंचावर सन्मान आणि मंचाखाली मालक. स्पर्धा तीन-चार रात्रींत संपते, उरलेले वर्ष कला केंद्रात जाते. बक्षीस मिळालेल्या कलावंताला पुढची सुपारी मिळेल, पण करार कोण करणार, वादकांचा हिस्सा कुणी ठरवायचा, तिच्या मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर काय लिहायचे, हे मंच ठरवत नाही. तो ठरवणारच नाही, कारण तो वरून दिलेला आहे. देणाऱ्याने हात आखडता घेतला की मंच बंद, आणि कलावंत पुन्हा जिथल्या तिथे.

पंढरपुरात 1935 साली जन्मलेल्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे उदाहरण तर शाळेत शिकवावे असे आहे. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला, फड गाजले, नारायणगावच्या राहुट्यांत त्यांच्या खेळाची सुपारी द्यायला गावकारभाऱ्यांच्या रांगा लागत. या राहुट्या म्हणजे यात्रांच्या हंगामाआधी फडमालक आणि गावकरी यांचे सौदे होण्याची जागा, तमाशाच्या धंद्याचे खरेखुरे नेटवर्क. ओळखीची कमतरता विठाबाईंना कधीच नव्हती. तरी 2002 साली त्या गेल्या तेव्हा दवाखान्याच्या बिलाची पंचाईत होती. नंतर शासनाने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. सौद्याचे जाळे हंगाम असेपर्यंत माणसाला धरते. आजारपणात धरायला दुसऱ्या जातीचे जाळे लागते.

इथे महाडची ती हकीकत पुन्हा आठवावी लागते. बाबासाहेबांनी पैसा नाकारला तो बाईला नाचवणाऱ्या व्यवस्थेचा म्हणून. आपल्या चळवळीने पुढे त्याचा अर्थ असा घेतला की लावणी, तमाशा आणि ती करणारी बाई यांपासूनच दूर राहायचे. जलशात बाईचे काम पुरुष करत. शर्मिला रेगे यांनी लावणी आणि पोवाडा यांवर लिहिताना नेमके हेच बोट ठेवले : पोवाडा मर्दानी म्हणून प्रतिष्ठित झाला, लावणी बाईची म्हणून बदनाम झाली, आणि परिवर्तनाच्या जलशांनीही गाणाऱ्या-नाचणाऱ्या दलित बाईला आपल्या मंचावर जागा दिली नाही. बाईने ते काम सोडावे हे म्हणणे योग्यच होते. पण तिच्याकडे शतकानुशतकांची जी ताल-स्वर-अभिनयाची विद्या होती ती घेऊन तिने जायचे कुठे? आंबेडकरी मंच तिच्यासाठी उभा राहिला नाही, कोल्हाटी-डोंबारी-मांग बायकांच्या वस्त्यांत जलशाची वाट गेली नाही. 1993 साली ती जागा सहकारी साखरेने भरली. मोकळी जागा कुणीतरी भरतोच, भरणाऱ्याला दोष देऊन काय उपयोग?

वरून दिलेला मंच नको, स्वतःचा हवा, असे म्हणताना त्याची किंमतही सांगितली पाहिजे. रमाबाई आंबेडकर नगरात 11 जुलै 1997 रोजी पोलिसांनी गोळीबार करून 10 माणसे मारली. चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरेंनी स्वतःला संपवले. गुजरातच्या दंगलीनंतर 2002 साली पुण्यात तरुणांनी कबीर कला मंच उभा केला, त्यातल्या कलावंतांना पुढे वर्षानुवर्षे तुरुंगात काढावी लागली. एकमेकांना जोडलेले शाहीर सत्तेला एकट्या कवीपेक्षा जास्त टोचतात, आणि मग त्या जोडलेपणालाच गुन्हा ठरवले जाते. कुणाचा फोन कुणाला, कोण कोणाच्या कार्यक्रमाला, हे आरोपपत्रात येते. शहरातल्या कार्यशाळेत नेटवर्किंग शिकवताना हा धडा नसतो.

असे असूनही साखळी तुटलेली नाही. एकतारीवर गाणाऱ्या औरंगाबादच्या कडुबाई खरात मोबाईलवरच्या व्हिडीओतून महाराष्ट्रभर पोचल्या. अमरावतीच्या विपिन तातडसारखे तरुण रॅपमधून जातीवर बोलतात. दलित पँथरने 1972 साली नाव घेतले ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. हार्लेममध्ये 1968 साली 'लास्ट पोएट्स' हे कवींचे टोळके ढोलांच्या साथीने कविता म्हणू लागले आणि रॅपची एक मुळी तिथून फुटली. तेव्हा वेळापूरच्या पोराने रॅप करणे म्हणजे परक्याची नक्कल, असे म्हणणाऱ्यांना आम्ही सांगतो की ही मुळी आणि आपली बतावणी सख्ख्या नात्यातल्या आहेत.

माळशिरस विधानसभा मतदारसंघ 2009 पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. आमदार राखीव झाला, मंच झाला नाही. तो कुणी राखून देणारही नाही. म्हणून आमच्या तालुक्यातल्या आणि शेजारच्या पंढरपूर, माढा, करमाळा भागातल्या जयंती मंडळांपुढे आम्ही काही साध्या गोष्टी ठेवतो. डीजेवर होणारा खर्च सगळ्यांना माहीत आहे. त्यातला एक हिस्सा बाजूला काढून एक रात्र गायन पार्टीला आणि नव्या कवींना द्यावी, बिदागी आधी ठरवून, पाकिटात, वादकांची वेगळी. कुठलेही गाणे म्हणण्याआधी गीतकाराचे नाव मंचावरून घेतले जावे आणि त्याच्या नावाचे शेवटचे कडवे कापू नये. व्हिडीओ टाकताना खाली तेच नाव लिहावे. एका गावचा नवा कवी दुसऱ्या गावच्या जुन्या शाहिराकडे निदान काही रात्री तालमीला बसावा, त्याचा एसटीचा खर्च मंडळाने करावा. ज्या घरांत वामनदादांच्या किंवा इतर कुणाच्या हातच्या वह्या आहेत त्यांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवावेत, वही घरच्यांकडेच राहू द्यावी. आणि मोडनिंबच्या बारीत गाणारी बाई आमच्या 14 एप्रिलच्या मंचावर पाहुणी कलावंत म्हणून आली पाहिजे, तिने काय गायचे ते तिने ठरवले पाहिजे. यावर वस्तीत वाद होईल हे आम्हाला माहीत आहे. काही ज्येष्ठ कार्यकर्ते आताच नाराज आहेत, त्यांचे म्हणणे आम्ही ऐकून घेतले आहे आणि आम्हाला ते पटलेले नाही.

जयंतीच्या वर्गणीच्या बैठका फेब्रुवारीत सुरू होतात. डीजेची सुपारी त्याच्याही आधी जाते. त्यामुळे हे बोलायचे तर जानेवारीतच बोलावे लागेल.